पऱ्हाटीच्या वावरात: ॲप की बटणांचा कॉल?

पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, नोंद शेतकऱ्याने ॲपवर पाठवावी की फोन लावून बटणं दाबत? यात जास्त इंटरॅक्टिव्ह काय? इंटरॅक्टिव्ह म्हणजे भरपूर बटणं नव्हे. आपण काही केलं की समोरून कळेल असं उत्तर येतं का, ते मी आधी पाहतो.

यवतमाळकडच्या धुऱ्यावर ॲपमध्ये चित्रं सरकतात, रंग बदलतात. पण नेटची रेंज नसताना ‘पाठवा’ दाबलं की पडदा गप्प. माणूस पुन्हा दाबतो आणि एकच नोंद तीनदा जाते. संगणक वापरायला सोपा कसा करावा याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेलं माप इथे लावावं: ०.१ सेकंदात आलेलं उत्तर तात्काळ वाटतं, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं.

आयव्हीआर कॉलमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज पर्याय सांगतो आणि आपण बटण दाबतो त्या कॉलमध्ये, १ दाबला की आवाज येतो. साध्या फोनवर चालतो, वाचता न येणाऱ्या आजीलाही जमतो. मात्र सहावा पर्याय ऐकेपर्यंत पहिला विसरतो. नोंदीसाठी तरीही मी कॉलच निवडेन.

गुलाबी बोंडअळीचं तसं नाही. अळी बोंडाच्या आत. बाहेर दिसते ती डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल. तिचा फोटोच हवा, म्हणून तिथे ॲप, पण ‘जतन झालं, रेंज आली की जाईल’ असं सांगणारं.

पारखायचं असेल तर नवख्या शेतकऱ्याच्या हाती फोन द्या, स्वतः बोलू नका आणि तो किती वेळा ‘झालं काय?’ विचारतो, ते मोजा.