भाड्याच्या घरात माणसं बदलली : जुना करार चालवायचा, पुरवणी जोडायची की नवा करायचा?

लग्न झालं, आईबाबा कायमचे राहायला आले, किंवा फ्लॅटमधल्या पार्टनरने नोकरी बदलली आणि तो निघाला. भाडं वेळेवर जातंय, मालकाची कुरकुर नाही, मग कागदाला हात कशाला लावायचा, असं बहुतेकांना वाटतं. महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्स करारापुरतं (ठरावीक मुदतीसाठी घरात राहायची परवानगी देणारा नेहमीचा भाडेकरार) सांगायचं तर सगळं एका प्रश्नावर ठरतं : घरात फक्त राहणारं माणूस बदललंय, की सही करणारं?

फक्त राहणारं बदललं असेल, तर मालकाला लेखी कळवणं पुरतं. त्याआधी करारातलं 'कोण राहणार' हे कलम वाचा. काही करारांत नावं टाकलेली असतात. व्हॉट्सॲपपेक्षा ईमेल बरा, आणि मालकाचं 'हरकत नाही' एवढं उत्तर जपून ठेवा. प्रौढ माणूस आलं असेल तर पोलीस व्हेरिफिकेशन आणि सोसायटीतली नोंद मालकाला करायला सांगा. खर्च शून्य. पण बायकोला पत्त्याचा पुरावा हवा असेल, तर या वाटेने काही हाती लागत नाही. मुलाच्या आरटीई (शिक्षण हक्क कायद्याखालच्या) प्रवेशाला पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार दाखवायचा, तर तोही नोंदणीकृतच लागतो.

पुरवणी करार, म्हणजे जुना करार तसाच ठेवून त्याला बदलाचा कागद जोडणं, स्वस्त वाटतो, म्हणून एजंट लगेच म्हणतात, 'पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो.' माझ्या मते हा सगळ्यात फसवा पर्याय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. आणि पुरवणीही नोंदवायचीच, तर अंगठे, आधार, साक्षीदार हे सगळं आलंच. मग वाचलं काय? छत्तीस महिन्यांचा करार आहे, बराच काळ शिल्लक आहे आणि भाडेवाढीच्या अटी तुमच्या सोयीच्या आहेत, तरच या वाटेला जा.

सही करणारं माणूस बदलत असेल तर मी नवाच करार करीन. महिना 20,000 भाडं, 1,00,000 डिपॉझिट, अकरा महिने असा हिशेब धरा. एकूण भाडं 2,20,000, त्यात डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज साधारण 9,200. या बेरजेवर 0.25 टक्के, म्हणजे मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात 1,000, ग्रामीण भागात 500. एजंटाचे पैसे वेगळे. खरी किंमत दुसरीच असते : नवा कागद म्हटला की मालकाला भाडं वाढवायची आयती संधी मिळते. मुदत संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील आणि निघणाऱ्या पार्टनरची तोवर नाव ठेवायला हरकत नसेल, तर नूतनीकरणापर्यंत थांबलेलं परवडतं.

नवा करताना डिपॉझिटचा घोळ टाळा. जुन्या करारातलं डिपॉझिट नव्यात वळतं केल्याचं कलम घाला. जाणाऱ्याला त्याचा वाटा मिळाल्याची सही, आणि जुना करार रद्द करायला लागणारा त्याचा अंगठा, दोन्ही तो सामान बांधण्याआधी घ्या.

पागडीच्या खोलीत (एकरकमी पागडी देऊन घेतलेल्या जुन्या, कायमच्या भाडेकरूच्या जागेत) राहत असाल तर यातलं काही लागू नाही. तिथे भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो. भाडेपावती नावावर करून घेण्यासाठी घरमालकाकडे लेखी अर्ज करायचा, आणि तिथे राहत असल्याचा पुरावा म्हणून रेशनकार्ड नि जुनी वीजबिलं जोडायची.