सीपीकेचा आकडा उतरला म्हणून आम्ही आनंदानं पेढे वाटले

माझ्या मुलाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू हळूहळू झिजत जाणारा जनुकीय आजार. तो पाच वर्षांचा असताना निदान झालं. त्याआधी ‘पोराचे पाय कसे भरदार आहेत’ असं कौतुकच कानावर यायचं. फुगलेल्या पोटऱ्या हे याच आजाराचं लक्षण असतं, हे आम्हाला कुठून कळणार? तो चवड्यांवर चालायचा, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात रोवत वर यायचा. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढतं ते सीपीके १८,००० निघालं, मग जनुकीय तपासणी झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडची गोळी सुरू केली, टाचा ताणायचे व्यायाम शिकवले, आणि हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो, हे स्वच्छ सांगितलं.

बरा होत नाही, हे ऐकून घरी आल्यावर रात्र रात्र झोप लागत नाही. अशाच एका रात्री मोबाइलवर पुण्यातल्या एका थेरपी सेंटरची जाहिरात दिसली. दुसऱ्या दिवशी तिथल्या ‘सरांचा’ फोन. ते मला ताई म्हणाले, मुलाचं नाव घेऊन बोलले. ९० दिवसांचं ‘मसल रिजनरेशन’, १ लाख ८० हजार, सगळे आधी भरायचे. मी पाटल्या मोडल्या, उरलेले पतसंस्थेतून काढले. हे नोकरीसाठी गावीच राहिले आणि मी मुलाला घेऊन पुण्यात खोली केली.

तिथं त्याच्या पायांना वजनाच्या पट्ट्या बांधायचे. उठाबशा, आणि जिना चढ-उतर, तीही तो रडेपर्यंत. ‘स्नायू कमजोर आहे, तर कमवायला नको का?’ हे मला पटलं, कारण आपल्याकडे सगळ्यांना ते पटतंच. पण या मुलांच्या स्नायूंत डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिनच नसतं. ते स्नायूच्या पेशीचं आवरण सांभाळतं. ते नसलं की जोर पडताच आवरण फाटतं, आणि जिना उतरताना, म्हणजे स्नायू लांबत असताना भार पडला की सर्वांत जास्त. निरोगी मुलाचा स्नायू अशानं कमावला जातो. माझ्या मुलाचा झिजत होता, आणि झिजलेल्या जागी पुढे चरबी नि तंतू भरतात.

एका संध्याकाळी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली. मी घाबरून फोन केला. ‘ताई, शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे.’ ती घाण नव्हती. तुटलेल्या स्नायूंतला रंग लघवीत उतरला होता, आणि त्यानं मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. तुमच्या मुलाला असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मी गाठला नाही, याची टोचणी अजून आहे.

मग म्हणाले, स्टिरॉइड आमच्या थेरपीच्या आड येतं, उद्यापासून बंद. गोळ्या परत करायला गेले तर मेडिकलवाल्या काकांनी हात जोडले, ‘बाळा, ही गोळी अशी एकाएकी तोडायची नसते, जिवावर बेततं. आधी डॉक्टरांना विचार.’ मी विचारलं आणि गोळी चालू ठेवली. सेंटरला मात्र बंद केली म्हणून सांगितलं. खरं बोलायचं धाडस झालं नाही, पैसे भरून बसलो होतो.

तिसऱ्या महिन्यात मुलगा खरंच बरा चालायला लागला. सहा-सात वर्षांपर्यंत ही मुलं वाढीच्या जोरावर थोडी सुधारतात, स्टिरॉइडनं आणखी. सेंटरनं ते श्रेय स्वतःकडे घेतलं. चार दिवस ‘विश्रांती’ दिली आणि पाचव्या दिवशी रक्त तपासलं. सीपीके ११,०००! आम्ही गल्लीत पेढे वाटले आणि पुढच्या पॅकेजचे ४० हजार भरले. सीपीके श्रमानं चढतं, आरामानं उतरतं, आणि वर्षं जातात तसं स्नायूच कमी उरल्यामुळेही उतरतं, हे मुंबईला फेरतपासणीत कळलं. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी घोटा किती वळतो ते मोजलं, तर टाच आधीपेक्षा आखडलेली. तीन महिन्यांत तिला ताण म्हणून कुणी दिलाच नव्हता.

आता घरी रोज टाच, गुडघ्यामागची शीर, मांडीचा सांधा हळूहळू ताणून धरतो, दुखेपर्यंत नाही. रात्री पायाला स्प्लिंट, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार असतो. जमेल तेव्हा कोमट पाण्यात पोहणं. खेळून दमला की थांबायचं, दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर जास्त झालं असं समजायचं. यातल्या कशालाच लाखभर रुपये लागत नाहीत.

४० हजार परत मागितले तर ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणाले. पावतीवर नुसतं ‘सेवा शुल्क’, थेरपिस्टचं नाव नाही, फिजिओथेरपी परिषदेचा नोंदणी क्रमांक नाही. तो पहिल्या दिवशी मागायला हवा होता. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पावत्या, रिपोर्ट, फोनवरचे मेसेज, काहीही पुसू नका.

त्यांच्या जाहिरातीत एक व्हिडिओ अजून फिरतोय. निळ्या टी-शर्टातला मुलगा कठडा न धरता चार पायऱ्या चढतो आणि खाली लिहिलंय, ‘कोणत्याही औषधाशिवाय’. तो माझा मुलगा आहे. त्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर त्यानं माझ्या हातून गोळी घेतली होती.