जुना फुल-फ्रेम कॅमेरा कुरिअरने मागवताय? थांबा

२८,५०० रुपये गेले. विकणाऱ्याने कॅनन फाइव्ह-डी मार्क टू (फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) म्हणून पैसे घेतले आणि खोक्यातून निघाला पहिला फाइव्ह-डी, म्हणजे २००५ चं मॉडेल. मार्क टू २००८ चा. पहिल्यात १२.८ मेगापिक्सेल, व्हिडिओ नाही, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर बघून फोटो घेणं) नाही, आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो काढायची ताकद, ताणून ३२००. मार्क टूमध्ये २१.१ मेगापिक्सेल, फुल एचडी व्हिडिओ, आयएसओ ६४०० आणि ताणला तर २५,६००. गुहागरात लग्नाच्या ऑर्डरी घेतो, शिमग्यात रात्री पालखी नाचते तेव्हा शूट करतो. मला मार्क टूच हवा होता आणि नवी बॉडी (लेन्सशिवाय नुसता कॅमेरा) परवडत नाही.

आपल्याकडे कोकणात जुना माल घेताना पहिली भीती बुरशीची. विकणाऱ्याने नेमकी तीच पकडली. "दादा, कॅमेरा पुण्याचा आहे, खारी हवा लागलेलीच नाही." ५,००० आगाऊ दिले. मग व्हिडिओ कॉलवर मार्क टू चालवून दाखवला, रेकॉर्डिंगसुद्धा केलं. खोकं भरताना त्याने चार्जर ठेवला, त्यावर बीपी-५११ लिहिलेलं. मार्क टूला एलपी-ई६ बॅटरी लागते! मी तिथेच विचारलं. म्हणाला, "तो जादाचा देतोय." तेवढ्यात कॉल तुटला, परत लागला तेव्हा खोक्याला टेप मारलेली. तो चार्जर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पण चालू कॅमेरा समोर बघितल्यावर कोण संशय घेईल? उरलेले २३,५०० पाठवले. कॉल तुटला की व्यवहार तुटला समजा, सगळं पुन्हा पहिल्यापासून दाखवायला लावा.

आलेल्या बॉडीचा आतला आरसाही सुटलेला. पहिल्या फाइव्ह-डीचं ते जुनंच दुखणं.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, "कॅमेरा मिळालाय ना? मग ही दिवाणी बाब." दुसऱ्या दिवशी, "आरोपी पुण्याचा, तिकडे जा." गुहागरहून पुण्याला, कामं बुडवून? नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्पष्ट सांगतं की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. कलम सांगितलं तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" बँकेत गेलो तर, "पैसे तुम्हीच पाठवलेत." मग तक्रार खिडकी कशाला ठेवली आहे? लेखी पोच मागितली, तीही दिली नाही. पैसे गेल्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्याच्या बाकावर वेळ घालवू नका.

त्याच कॅमेऱ्याने काढलेला नमुना फोटो मूळ फाइल म्हणूनच मागा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आला की आतली माहिती पुसली जाते. फाइलमधला सिरियल नंबर बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबराशी जुळवा. खोकं उघडताना न थांबता व्हिडिओ काढा.

तीच जाहिरात कालपासून पुन्हा लागली आहे. फोटो तेच, किंमत आता २६,०००, आणि खाली तेच वाक्य: खारी हवा लागलेली नाही.