एव्हनमधलं रॉड भाड्याने देणारं दुकान : सर्फ फिशिंग करणाऱ्यांनी जायलाच हवं

नॉर्थ कॅरोलायनात आउटर बँक्स बेटांवर सुट्टीला जाणार असाल आणि बीचवरूनच मासे पकडायचे असतील तर एवढे लांब रॉड घरून ओढत नेऊ नका, तिथल्या एव्हन गावात हायवे १२ वर हे छोटंसं दुकान आहे तिथे सगळं भाड्याने मिळतं. रॉड, रील (दोरी गुंडाळायची चकती), वाळूत खोचायचा होल्डर आणि पिरॅमिडच्या आकाराची शिशाची वजनं, ही वाळूत रुतून बसतात म्हणून लाटेबरोबर गळ वाहून जात नाही.

पण खरी मजा काउंटरवरच्या काकांची. त्यांनी घाई न करता नीट समजावलं की लाटा फुटत नाहीत आणि पाणी गडद दिसतं तिथे खोल चर असतो, मासे तिथेच खायला येतात, सारखं लांब फेकायची गरज नसते! पॉम्पानो माशासाठी सँड फ्ली (वाळूत राहणारे खेकड्यासारखे छोटे जीव) आमिष म्हणून वापरा म्हणाले, लाट मागे सरली की ओल्या वाळूत इंग्रजी V अक्षरासारख्या छोट्या खुणा दिसतात, तिथेच पटकन खणायचं. मुलांना तर हेच जास्त आवडलं.

फ्रोझन कोळंबी मात्र घेऊ नका, एकदम मऊ, गळावर टिकतच नाही. रीलही एक गंजलेलं निघालं पण लगेच बदलून दिलं, कटकट नाही.

१६ वर्षं आणि त्यावरच्यांना मासेमारीचं लायसन्स लागतं आणि रेड ड्रम मासा १८ ते २७ इंचांचा असेल तरच ठेवता येतो, माणशी दिवसाला एक. मोजपट्टी दुकानात मागून घ्या, देतात.