कामो मत्स्यालय, त्सुरुओका: मोठी टाकी झाली की पॉलिपपाशी थांबा

टोकियोहून निइगातापर्यंत शिनकान्सेन (बुलेट ट्रेन), पुढे समुद्राच्या कडेने जाणारी इनाहो एक्सप्रेस गाडी, मग त्सुरुओकाला उतरून बस. एवढा द्राविडी प्राणायाम फक्त जेलीफिश बघायला? हो. आणि पैसे वसूल.

जपानच्या यामागाता प्रांतातलं हे मत्स्यालय जेलीफिशच्या जातींसाठी जगात नावाजलेलं आहे. २०१२ साली गिनीज बुकात नोंद झाली, २०१४ साली नवी इमारत उभी राहिली. त्याआधी, १९९७ मध्ये, प्रेक्षक इतके आटले होते की टाळं लागायची वेळ आली होती. तेवढ्यात प्रवाळांच्या टाकीत ‘उलटी जेलीफिश’ या पालथं पडून राहणाऱ्या जातीची पिल्लं आपोआप पोहताना दिसली. कर्मचाऱ्यांनी ती वाढवली, लोक बघायला येऊ लागले, आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं.

रीलमध्ये दिसते ती पाच मीटर व्यासाची गोल टाकी शेवटी येते. निळ्या उजेडात मून जेली जातीच्या हजारो जेलीफिश. सुंदर आहेच, पण तिथे गर्दीही तशीच. फोटो काढा आणि पुन्हा मागे फिरा, कारण खरा माल मागे आहे. अंड्यापासून छत्रीपर्यंतच्या, म्हणजे पोहणाऱ्या मोठ्या जेलीफिशपर्यंतच्या अवस्था मांडल्यात, त्यातल्या पॉलिपपाशी, म्हणजे एका जागी चिकटून राहणाऱ्या बाल्यावस्थेपाशी, लोक थांबतच नाहीत.

मून जेलीचा पॉलिप जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. पांढुरका देठ, टोकाला मिशा. काचेला नाक लावून बघितलं तर एखाद्याच्या अंगावर आडव्या वळ्या पडलेल्या दिसतात, वाट्यांची उतरंड रचल्यासारख्या. वरची वाटी फडफडायला लागते, सुटते आणि पोहत निघून जाते. तीच पुढे छत्री होते. आम्ही तिथेच खिळलो.

समुद्र तापतोय, पाण्यातला प्राणवायू घटतोय, तरी ही मंडळी कशी टिकतात, त्याचं बरंचसं उत्तर या देठात आहे. छत्री साधारण काही महिन्यांची पाहुणी, पॉलिप मात्र वर्षानुवर्षं खडकाला, धक्क्याच्या खांबाला चिकटून राहतो आणि स्वतःच्याच प्रती काढत बसतो. दिवस फारच वाईट आले तर कवचाच्या पुटकुळीत दडी मारतो. मोठ्या जेलीला उपासमार झाली तर ती मरण्याऐवजी आकाराने लहान होते, खाणं मिळालं की पुन्हा वाढते. प्राणवायू कमी झाला की मासे पळ काढतात, हिला मात्र अंगातल्या जेलीत साठलेला प्राणवायू काही काळ पुरतो.

पण ‘आता समुद्र जेलीफिशचाच’ हे जे सगळीकडे वाचायला मिळतं, ते मला पटत नाही. थंड प्रदेशातल्या मून जेलीच्या पॉलिपला वाट्या सुटायला हिवाळ्याचा गारवा लागतो. हिवाळाच ऊबदार झाला तर उतरंड रचली जाणार कशी? ‘उलट्या जेलीफिश’चं अगदी विरुद्ध, तिला ऊब लागते. म्हणजे सरसकट सगळ्यांची चांदी नाही.

सोबत सासूबाई होत्या, माहेर रेवदंड्याचं. त्या म्हणाल्या, “अगं, आमच्याकडे जाळ्यात ही सापडली की कोळी शिव्या घालतात, आणि इथे तिकीट काढून बघतात!” जपानी कोळ्यांचंही दुखणं तेच आहे. नोमुरा जातीची जेलीफिश दोन मीटरपर्यंत रुंद आणि दोनशे किलोपर्यंत जड होते. २००९ मध्ये चिबाजवळ अशांनी भरलेलं जाळं ओढताना दहा टनांची मासेमारी बोट उलटली होती. हे सांगितल्यावर सासूबाई नोमुराबद्दल जरा आदराने बोलायला लागल्या.

जाणार असाल तर: आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी. जपानी येत नसेल तर फोनवरचं भाषांतर चालू ठेवा, विशेषतः पॉलिपपाशी. हिवाळ्यात जपान समुद्राचं वारं हाडं गोठवतं आणि गाड्या रखडतात, तेव्हा परतीची वेळ फार घट्ट बांधू नका. शाकाहारी मंडळींनी डबा न्यावा. स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात ‘भाजीचं’ म्हणून जे आलं त्यात माशाचा रस्सा होता.

मत्स्यालयातल्या उपाहारगृहात जेलीफिश घातलेलं रामेन मिळतं. मुलाने वाडगा चाटूनपुसून संपवला. मी दोन घास खाल्ले: चव सगळी सुपाची, जेलीफिशचा वाटा फक्त दाताखालच्या कुरकुरीचा.