पाचगणीच्या थंडीत खिडकी स्लायडिंग घ्यावी की उघडणारी, आणि दाराचं काय

आमचं घर पाचगणीत आहे, जुनं, जांभ्याचं. भिंती चांगल्या दीड फुटी आहेत, पण डिसेंबर-जानेवारीत थंडी भिंतीतून येतच नाही, ती येते खिडक्या-दारांतून. जुन्या सागवानी खिडक्या खालून कुजल्या तेव्हा आधी मागच्या तीन खोल्यांना स्लायडिंग बसवल्या आणि दोन वर्षांनी पुढच्या खोल्यांना झडप उघडणाऱ्या, ज्याला फॅब्रिकेटर केसमेंट म्हणतात त्या. एकाच घरात दोन्ही वापरतोय म्हणून लिहितोय, तुमच्या घराची दिशा वेगळी असेल तर थोडं उन्नीस-बीस होईल.

सगळे पहिल्यांदा विचारतात ॲल्युमिनियम की युपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिक, की लाकूड. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. साधं ॲल्युमिनियम गारवा सरळ आत आणतं, सकाळी फ्रेमला हात लावला की कळतं आणि आतल्या बाजूनं पाणीही धरतं. लाकूड उबदार आणि देखणं, पण पावसाचं काय? महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पडतो, आमच्याकडे वीसेक किलोमीटरवर त्याच्या निम्म्याहून कमी, तरी जुलैत झडप फुगून लागत नाही आणि मार्चमध्ये तीच आटून फट पडते. दरवर्षी पॉलिश करून घेणारं कुणी घरात असेल तर लाकूड जरूर घ्या. मी दोन्ही वेळेला युपीव्हीसीच घेतलं.

खरा फरक खिडकी कशी उघडते त्यात आहे. स्लायडिंगची झडप ट्रॅकवरून सरकायची म्हणजे ती घट्ट बसवताच येत नाही, म्हणून कडेला रबराऐवजी बारीक केसांचा ब्रश असतो आणि वारा त्या ब्रशमधून येतोच. पहिल्या हिवाळ्यात मी एका रात्री उदबत्ती पेटवून खिडकीभर फिरवली. कोपऱ्यात धूर सरळ वर जात होता, पण दोन झडपा मधे जिथे एकमेकींवर येतात त्या उभ्या पट्टीपाशी धरली की धूर झटकन आडवा व्हायचा. आणि नेमकी तिथेच आईची उशी. ती रात्री दोन-दोनदा उठून ट्रॅकमध्ये जुन्या पातळाच्या चिंध्या कोंबायची, सकाळी सगळ्या ओढून काढायच्या कारण खिडकी उघडायची असायची, आणि हे रोज, अख्खा जानेवारी. मला विचाराल तर माझा निर्णय तिथेच झाला. आम्हाला आधी सांगितलं होतं की स्लायडिंग "एकदम एअरटाइट" आहे, बहुतेक सगळीकडे असंच सांगतात. पावसात आणखी एक गोष्ट दिसली. ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायला जी भोकं असतात त्यांतूनच जोराच्या झडीला पाणी उलटं आत बुडबुडत येतं आणि खालची भिंत ओली होते.

केसमेंटचं हँडल फिरवलं की झडप चारही बाजूंनी रबरावर दाबली जाते. तीच उदबत्ती, तसाच वारा, धूर जवळजवळ हलला नाही.

तरी स्लायडिंगच्या बाजूनंही बोललं पाहिजे. जागा खात नाही, स्वस्त पडते, मच्छरजाळीचा तिसरा ट्रॅक सहज होतो, बाहेरचं ग्रिल आहे तसं ठेवता येतं. केसमेंट बाहेर उघडते म्हणून ग्रिल आत घ्यावं लागलं आणि काच बाहेरून पुसायची तर खरंच कटकट आहे. शिवाय झडप धरून ठेवणारी पट्टी हलकी असेल तर वाऱ्यात आपटते, तिथे पैसे वाचवू नका. माकडांचं मात्र उलट आहे, स्लायडिंगचं लॉक लावायचं राहिलं की ती आरामात सरकवून आत येतात, केसमेंटचं हँडल लावलं की येत नाहीत.

दुहेरी काच घ्यायची तर केसमेंटलाच घ्या असं मी म्हणेन. एकेरी काचेतून जेवढी उष्णता जाते त्याच्या साधारण निम्मी दुहेरीतून जाते, पण शेजारच्या ब्रशमधून वारा येत असेल तर त्या काचेचा उपयोग काय? मी फक्त पूर्वेच्या खोलीला घेतली आणि तेवढी पुरली.

दाराचं थोडक्यात. पुढचं सागवानी दार मी बदललं नाही, आणि त्याचं कारण उंबरठा. नवीन दारांना उंबरठा नसतो, खाली बोटभर फट राहते आणि पायाला सगळ्यात आधी तिथलीच थंडी लागते. आमच्या दाराला चौकटीच्या आत रबरी पट्टी मारली, खाली उंबरठा आहेच, झालं काम. मागचं फ्लश डोअर, म्हणजे प्लायचं सपाट दार, पावसानं फुगून सोलवटलं होतं तिथे युपीव्हीसी केलं, पण उंबरठा करून घेतला, सुताराला दोनदा सांगावं लागलं.

कुठलीही घ्या, बसवून झाल्यावर लगेच पैसे देऊ नका. चौकट आणि भिंतीमधली फट फोमनं पूर्ण भरली का बघा, नुसतं वरून सिलिकॉन फिरवलेलं असतं बऱ्याचदा. मग झडपेत कागद धरून लावा आणि ओढा, सहज सुटला तर तिथे रबर दाबत नाहीये, माणूस तिथे असतानाच नीट करून घ्या. मागच्या तीन खिडक्या मी आता दिवाळीआधी बदलतोय. तोवर आईच्या खोलीतल्या ट्रॅकमध्ये ते पातळ आहेच.