पट्ट्यावर ‘वर्ल्ड’ कोरायचं की नाही?

रेसलिंगचा पट्टा करून घेताना बाकी सगळं पटापट ठरतं. चामडं काळं, मधला पत्रा सोनेरी, वर कंपनीचा लोगो. गाडी अडते ती एका शब्दापाशी. नुसतं ‘हेवीवेट चॅम्पियन’ कोरायचं, की त्याआधी ‘वर्ल्ड’ घालायचं? घालायला काही लागत नाही. नंतर काढायचं म्हटलं तर पत्राच नवा करावा लागतो.

हा आढावा तिथे अडलेल्या माणसासाठी आहे. म्हणजे ज्याची प्रो रेसलिंगची छोटी कंपनी आहे, महिन्याला एक शो, भाड्याचा हॉल, दोन-अडीचशे खुर्च्या, आणि ज्याचे निम्मे रेसलर सोमवारी सकाळी आपापल्या नोकरीवर हजर होतात. मोठ्यांना हा प्रश्न पडत नाही. एईडब्ल्यू या अमेरिकन कंपनीने २०१९ मध्ये, स्थापनेच्याच वर्षी, ‘वर्ल्ड’ लावलं, पहिला मानकरी ख्रिस जेरिको झाला, आणि कुणी फारसं हसलं नाही. पाठीशी अब्जाधीश घराणं आणि टीव्हीचा करार होता.

तुम्हाला अडवणारं कुणी नाही, हे आधी सांगून टाकतो. ऑलिम्पिकच्या कुस्तीला युनायटेड वर्ल्ड रेसलिंग आहे. बॉक्सिंगमध्ये चार मोठ्या संघटना आणि प्रत्येकीचा वेगळा जगज्जेता, असा घोळ असला तरी मोजदाद तरी करता येते. प्रो रेसलिंगमध्ये तसं काहीच नाही. त्यात निकाल आधीच ठरलेला, पट्टा कोणाकडे जाणार ते बुकरच्या, म्हणजे निकाल ठरवणाऱ्याच्या, वहीत लिहिलेलं. मग ‘जागतिक’ काय आणि ‘तालुका’ काय, सगळं सारखंच, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. निकाल ठरलेला असतो म्हणूनच या धंद्यात शब्दाला भाव आहे. कोणती मॅच मोठी आणि कोणती किरकोळ, हे प्रेक्षकाला सांगायला बुकरच्या हाताशी दुसरं आहे तरी काय?

जिना कसा होता

१९४८ मध्ये आयोवातल्या वॉटर्लू गावी काही प्रमोटर एकत्र बसले आणि नॅशनल रेसलिंग अलायन्स उभी राहिली. इलाखे वाटून घ्यायचे आणि वर्ल्ड चॅम्पियन मात्र सगळ्यांनी मिळून एकच मानायचा, असा हा सौदा. तो चॅम्पियन वर्षभर बॅग घेऊन गावोगाव फिरायचा. प्रत्येक इलाख्याचा आपापला पट्टा असायचा: फ्लोरिडाचा, मिड-अटलांटिकचा, मिसुरीचा. इलाख्यातला लाडका गडी तो पट्टा मिरवायचा, आणि वर्ल्ड चॅम्पियन गावात आला की त्याला तासभर झुंजवायचा. बरोबरी व्हायची, किंवा अगदी थोडक्यात हार. लोक घरी जाताना म्हणायचे, आपला गडी जगज्जेत्याच्या तोडीचा आहे.

सेंट लुईसचा मिसुरी पट्टा याचा उत्तम नमुना. १९७२ मध्ये त्याचा पहिला मानकरी हार्ली रेस, आणि पुढच्याच मे महिन्यात रेस डोरी फंक ज्युनियरला हरवून वर्ल्ड चॅम्पियन. एका राज्याचं नाव असलेल्या त्या पट्ट्याला कोणी कमी लेखत नव्हतं. ज्याच्या कमरेला तो, त्याच्याकडे उद्याचा जगज्जेता म्हणून बघितलं जायचं. आपल्याकडे ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा खांद्यावर घेतलेल्या पैलवानाला कुणी विचारत नाही की बाबा, नावात जग का नाही.

आजच्या छोट्या कंपनीला हा जिना नाही. वरून येणारा फिरता चॅम्पियन नाही, म्हणून ती स्वतःच्याच पट्ट्याला वरची पायरी म्हणून टाकते. पट्ट्याचं नाव ठरवण्याचे तीन रस्ते दिसतात, आणि तिन्हींची उदाहरणं भरपूर आहेत.

पहिल्या दिवसापासून ‘वर्ल्ड’

याच्या बाजूने सगळ्यात मोठा साक्षीदार म्हणजे खुद्द आजची डब्ल्यूडब्ल्यूई. जानेवारी १९६३ मध्ये टोरांटोत अलायन्सचा वर्ल्ड चॅम्पियन बडी रॉजर्स लू थेझकडून हरला. ईशान्य अमेरिकेतल्या प्रमोटरांना तो निकाल मानायचा नव्हता. त्यांनी वेगळी चूल मांडली आणि रॉजर्सलाच वर्ल्ड चॅम्पियन ठरवलं. कारण काय, तर म्हणे रिओ द जानेरोत एक टूर्नामेंट झाली आणि ती त्याने जिंकली. तशी टूर्नामेंट कधी झालीच नव्हती. १७ मे १९६३ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रुनो सामार्टिनोने रॉजर्सला ४८ सेकंदांत लोळवलं आणि पुढची साडेसात वर्षं पट्टा सोडला नाही. (थाप इतकी सोयीची ठरली की १९७९ मध्ये पॅट पॅटरसनच्या इंटरकॉन्टिनेंटल पट्ट्यासाठी पुन्हा रिओचीच टूर्नामेंट काढली. निदान शहर तरी बदलायचं!)

म्हणजे थापही पचते. पण ती पचवायला गार्डन होतं, न्यूयॉर्कमधली इटालियन वस्ती होती आणि सामार्टिनोसारखा माणूस होता. तुमच्या हॉलमागे यातलं काय आहे, ते तुम्हीच मोजा.

उलट बाजूला डॅलस. वर्ल्ड क्लास ही तिथली कंपनी काही लहानसहान नव्हती. १९८४ मध्ये तिच्याच केरी वॉन एरिकने टेक्सास स्टेडियममध्ये रिक फ्लेअरकडून वर्ल्ड टायटल घेतलं तेव्हा अख्खं टेक्सास नाचलं. १९८६ मध्ये कंपनी अलायन्समधून बाहेर पडली आणि तिने आपल्या ‘अमेरिकन’ पट्ट्याचं नाव बदलून ‘वर्ल्ड’ केलं. तो तेव्हा रिक रूडकडे होता. आदल्या दिवशी अमेरिकन चॅम्पियन, दुसऱ्या दिवशी जगाचा. मॅच नाही, परका प्रतिस्पर्धी नाही, नुसता कागद. डिसेंबर १९८८ मध्ये शिकागोत एडब्ल्यूए या दुसऱ्या संघटनेचा वर्ल्ड चॅम्पियन जेरी लॉलरने केरीला हरवून तो पट्टा आपल्या पट्ट्यात विलीन केला आणि विषय संपला. कंपनीच्या घसरणीला इतर कारणं पुष्कळ होती, काही फार दुःखद. सगळं खापर शब्दावर फोडणार नाही. पण शब्दाने तिला टेकूही दिला नाही, एवढं नक्की.

आणि एक उदाहरण पुण्याचं. अमेरिकेच्या टीएनए या रेसलिंग कंपनीने भारतासाठी काढलेल्या ‘रिंग का किंग’चं चित्रण डिसेंबर २०११ मध्ये बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झालं आणि जानेवारी २०१२ पासून ते कलर्सवर दिसलं. हरभजन सिंग त्याचा चेहरा. पट्ट्याचं नाव थेट वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियनशिप, पहिला मानकरी मॅट मॉर्गन. रेसलरांच्या ट्रम्प कार्डांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला बालेवाडीत जागतिक पट्टा ही कल्पनाच गुदगुल्या करणारी होती. पण पट्टा बालेवाडीतच जन्मला, तिथेच लढवला गेला, आणि पुढचा मोसम झालाच नाही. आज त्या कार्यक्रमातलं गर्दीचं ओरडणं आठवतं, ढोल आठवतात. पट्टा कुणाकडे होता हे आठवायला मात्र डोकं खाजवावं लागतं. त्याचं नाव ‘रुस्तम-ए-पुणे’ असतं तर आठवला असता, असं मला उगाच वाटत राहतं.

आधी साधा, मग कमावलेला

हा माझ्या आवडीचा रस्ता, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

२७ ऑगस्ट १९९४, दक्षिण फिलाडेल्फिया. जागा म्हणजे एरवी जिथे बिंगो चालतो असा हॉल. ईस्टर्न चॅम्पियनशिप रेसलिंग (ईसीडब्ल्यू) ही स्थानिक कंपनी, आणि मोडकळीला आलेल्या अलायन्सने आपल्या रिकाम्या वर्ल्ड टायटलची टूर्नामेंट तिच्याकडे भरवायला दिलेली. फायनलमध्ये शेन डग्लसने टू कोल्ड स्कॉर्पिओला हरवलं. हातात पट्टा, डोळे वर, तो जुन्या मानकऱ्यांची नावं एकेक करून घ्यायला लागला. लोकांना वाटलं, आता गहिवरणार. त्याने त्या सगळ्यांना एक शिवी हासडली आणि पट्टा खाली फेकला. मेलेल्या संघटनेचा जगज्जेता मला व्हायचं नाही, असं म्हणून त्याने ईसीडब्ल्यूचा स्वतःचा पट्टा उचलला आणि जगाचा पट्टा हाच, असं सांगितलं. थोड्याच दिवसांत ‘ईस्टर्न’चं ‘एक्स्ट्रीम’ झालं.

ईसीडब्ल्यू त्या रात्री जगभर पोचली नव्हती. तिचा पसारा तेव्हा फिलाडेल्फियाच्या आसपासचाच. तरी तो ‘वर्ल्ड’ लोकांनी मान्य केला, कारण तो लागताना त्यांनी डोळ्यांनी पाहिला. डॅलसमध्ये हेच कागदावर झालं होतं.

दुसरी पद्धत कमी नाट्यमय, पण छोट्या कंपनीला जास्त जमण्यासारखी. रिंग ऑफ ऑनर २००२ मध्ये सुरू झाली, तीही फिलाडेल्फियातच. जुलैमध्ये लो-की तिचा पहिला चॅम्पियन झाला. पट्ट्याच्या नावात ‘वर्ल्ड’ नव्हतं. मार्च २००३ मध्ये पट्टा समोआ जोकडे आला. १७ मे २००३ ला जो लंडनला गेला, तिथल्या एका ब्रिटिश कंपनीबरोबरच्या संयुक्त शोमध्ये झेब्रा किडविरुद्ध त्याने पट्टा राखला, आणि त्यानंतर तो वर्ल्ड टायटल झाला. जोने तो एकूण ६४५ दिवस सांभाळला. कॅलिफोर्नियाच्या प्रो रेसलिंग गुरिलानेही २००६ मध्ये युरोपात पट्टा लढवून आल्यावरच नावात ‘वर्ल्ड’ घातलं, आणि ही कंपनी रेसीडा नावाच्या उपनगरातल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये शो करायची.

यावर हसता येतं, मान्य. अटलांटिक ओलांडून एक मॅच केली की झाला का जगाचा? मग आमच्या शेजारीण काकूंचा मुलगाही दुबईला जाऊन आलाय. पण निदान तारीख आहे, गाव आहे, समोरच्याचं नाव आहे. निवेदकाला सांगायला एक वाक्य मिळतं आणि ते खरं असतं. खर्च म्हणाल तर दोन-तीन तिकिटं आणि ओळखीची एक परदेशी कंपनी. शब्दाच्या मानाने स्वस्तच.

गावाचं नाव, किंवा कुठलंच नाही

ब्रिटनच्या रेव्हप्रो या कंपनीचा मुख्य पट्टा ‘ब्रिटिश हेवीवेट’. तो झॅक सेबर ज्युनियरकडे होता, तसाच तोमोहिरो इशी, मिनोरू सुझुकी अशा जपान्यांकडेही होता, आणि जपानमध्येही लढवला गेला. ‘वर्ल्ड’ म्हणवणारे कितीतरी पट्टे एवढे फिरले नाहीत. नाव लहान आणि आवाका मोठा, हा अनुभव प्रेक्षकाला सुखावतो. उलटं झालं की तो चेष्टा करतो.

न्यू जपान या जपानी कंपनीचा आयडब्ल्यूजीपी हेवीवेट पट्टा १९८७ पासून चालला. चौतीस वर्षं नावात ‘वर्ल्ड’ नाही, आणि जगातल्या पहिल्या दोन-तीन पट्ट्यांत गणना. २०२१ मध्ये दोन पट्टे एकत्र करून ‘आयडब्ल्यूजीपी वर्ल्ड हेवीवेट’ केलं तेव्हा जुन्या चाहत्यांनी कुरकुर केली. आधीच जे होतं ते लिहून दाखवायची गरज काय, असा तो राग.

अमेरिकेतल्या चिकारा कंपनीने २०११ मध्ये एडी किंग्स्टनला ‘ग्रँड चॅम्पियन’ केलं; लंडनच्या प्रोग्रेसने तर सुरुवातीला पट्ट्याऐवजी चक्क राजदंडासारखा एक दंड दिला. प्रोग्रेस पुढे पट्ट्यावर आणि ‘वर्ल्ड’वर आली, पण तो दंड अजून लोकांच्या तोंडी आहे.

या रस्त्याचा तोटाही आहे, तो लपवत नाही. शो बघायला येणाऱ्यांत बरेच जण हे सगळं न माहीत असलेले असतात: मुलांना घेऊन आलेले आईबाप, कोपऱ्यावरचा दुकानदार प्रायोजक. त्यांना पोस्टरवर ‘वर्ल्ड चॅम्पियन’ दिसलं तर ते दोन मिनिटं जास्त थांबतात. ‘ग्रँड’ म्हणजे काय हे त्यांना समजावत बसावं लागतं.

पण त्यांनाही शेवटी माणूसच लागतो. २९ मे १९६८ ला मुंबईत दारा सिंगने लू थेझला हरवलं आणि आपल्यासाठी तो जगज्जेता झाला. थेझने अलायन्सचा पट्टा जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्कीकडे गमावला होता, म्हणजे अमेरिकेच्या हिशेबात त्या रात्री तो पट्टा मुंबईत नव्हताच. इथे कुणाला फरक पडला? समोर थेझ होता. ‘वर्ल्ड’ आला तो त्याच्या नावातून.

तर तुमचं काय करायचं

तुमच्याकडे बाहेरचा, लोकांना माहीत असलेला, खरोखर येऊन हरायला तयार असलेला माणूस असेल, तर पहिल्याच रात्री ‘वर्ल्ड’ लावलंत तरी मी नाक मुरडणार नाही. बहुतेकांकडे तो नसतो. त्यांनी शहराचं किंवा राज्याचं नाव घ्यावं, आणि ते नाव घेतलं की जबाबदारीही घ्यावी: शेजारच्या कंपनीचा चांगला गडी बोलवायचा, आपल्या चॅम्पियनला त्यांच्या हॉलमध्ये पाठवायचं. वर्षभरात पट्टा चार वेगवेगळ्या हॉलमध्ये लढवला गेला नसेल, तर ‘राज्य’ हाच शब्द मोठा पडतोय, ‘जग’ लांबच राहिलं.

फक्त एक करू नका. रोस्टर, म्हणजे रेसलरांचा ताफा, आटला, तिकिटं खपेनात, म्हणून घाईघाईत नावात ‘वर्ल्ड’ घालायचं, हे. तो डॅलसचा रस्ता, आणि तुमच्याकडे केरी वॉन एरिकही नाही. शब्द वाढवायचाच असेल तर गर्दी चांगली असताना, एखाद्या मॅचच्या शेवटी, सगळ्यांच्या देखत वाढवा.

पट्टा करणाऱ्याला मात्र आत्ताच सांगून ठेवा की मधला पत्रा रिव्हेटने ठोकू नकोस, स्क्रूने बसव. उद्या बदलायची वेळ आली तर चामडं तरी तेच राहील.